प्लेमॅटच्या नोंदी: वाचनालयाची वरची खोली, प्रतापनगर

३ मार्च २०२४, रविवार

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी पोरं कार्डं खेळायला जमतात. बहुतेक पोकेमॉनवाले, थोडे यू-गी-ओहवाले, आणि मागच्या टेबलावर मॅजिक नावाचा कार्डांचा खेळ घेऊन बसणारी कॉलेजची मंडळी. या सगळ्यांसाठी आठ प्लेमॅट, म्हणजे कार्डांखाली अंथरायच्या चटया, करायच्या, नागपुरातच छापून आणि शिवून. चार टेबलं, प्रत्येकावर समोरासमोर दोन. पहिली मॅट उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांच्या हाताखाली यावी. बाकीच्या पावसाळ्यापर्यंत झाल्या तरी चालेल.

कमिटीतल्या काकांनी विचारलं, टेबल असताना वर आणखी चटई कशाला? प्रश्न रास्त होता. मी सनमायकावर स्लीव्ह (प्लॅस्टिकचं पातळ कव्हर) घातलेलं एक कार्ड पालथं ठेवलं आणि म्हटलं, उचला. काकांनी नख लावून पाहिलं, जमेना. मग कार्ड टेबलाच्या कडेपर्यंत ओढत नेलं आणि तिथून उचललं. पोरंही अख्खा खेळ हेच करत असतात. ओढताना टेबलावरची धूळ स्लीव्हवर रेघा पाडते, कोपरे उलतात, आणि एकदा स्लीव्ह उलली की आतल्या कार्डाची पाळी येते. मग तेच कार्ड मी घरून आणलेल्या लांब माउसपॅडवर ठेवलं. एका कडेवर बोट किंचित दाबलं की खालचं रबर दबतं, समोरची कड वर येते आणि अंगठा अलगद खाली शिरतो. काकांनी स्वतः करून पाहिलं, पुन्हा केलं, आणि परवानगी दिली.

चित्र, शिवण, मापं सगळं या एका हालचालीसाठी. कार्ड सहज उचललं गेलं नाही तर मॅट कितीही देखणी असली तरी ती बाद.

७ मार्च, गुरुवार

मापं ठरवली. बाजारातल्या बहुतेक प्लेमॅट २४ बाय १४ इंचाच्या, म्हणजे साधारण ६१० बाय ३५५ मिमी. तेच माप घेतलं. पोरं पुढे दुसरीकडे खेळायला गेली तर तिथेही हाताला तीच सवय उपयोगी पडेल. पोकेमॉन आणि मॅजिकचं कार्ड ६३ बाय ८८ मिमी, यू-गी-ओहचं जरा लहान, ५९ बाय ८६. हिशेब मात्र स्लीव्हसकट धरायचा: ६६ बाय ९१ आणि ६२ बाय ८९.

पोकेमॉनमध्ये ६० कार्डांचा डेक (गड्डी), ६ प्राइज (बाजूला पालथी ठेवलेली बक्षिसाची कार्डं), एक ॲक्टिव्ह (पुढे लढणारा) आणि बेंचवर (राखीव रांगेत) ५. बेंचची रांग ३३० मिमी, मधल्या चार फटी दहा-दहाच्या, म्हणजे ३७०. उजवीकडे डेक आणि त्याखाली डिस्कार्ड (वापरून झालेली कार्डं), ६६. डावीकडे प्राइजच्या दोन उभ्या रांगा शेजारी-शेजारी, १३२. बेरीज ५६८. उरलेल्या ४२ मिमीत दोन्ही बाजूंचा समास आणि मधल्या दोन फटी. कागदावर बसतं. पण दहा वर्षांचा मुलगा रंगात आला की कार्ड कुणी पट्टी लावून ठेवत नाही. म्हणून प्राइज जोडीजोडीने, एकाखालून दुसरं २५ मिमी बाहेर डोकावेल असं. ती रांग ९१ मिमीत आटोपते आणि हाताला जागा मिळते.

ॲक्टिव्हची चौकट चौरसच हवी, ९५ बाय ९५. झोपलेला पोकेमॉन डावीकडे आडवा करतात, पॅरलाइज झालेला उजवीकडे, कन्फ्यूज झालेला उलटा. चौकट कार्डाएवढी उभी आखली तर आडवं कार्ड दोन्ही बाजूंनी बाहेर येतं आणि लहान पोरांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

यू-गी-ओहची गत आणखी घट्ट. डिफेन्समधला, म्हणजे बचावात ठेवलेला, मॉन्स्टर आडवा असतो, म्हणून पाच घरांना ४४५ मिमी, दोन टोकांच्या चळतींना १२४. उरतात ४१, ते आठ फटींत वाटले की प्रत्येकी जेमतेम ५ मिमी. तरी बसतं. २०१७ मध्ये आलेले दोन एक्स्ट्रा मॉन्स्टर झोन (मॉन्स्टरची जादा घरं) दोन्ही खेळाडूंच्या मध्ये असतात. दोन्ही मॅटवर छापले तर दोनाचे चार दिसतील, म्हणून जोडीतल्या एकाच मॅटच्या वरच्या कडेला छापायचे.

मॅजिकवाल्यांचं म्हणणं, रेघ एकही नको. बरोबर आहे त्यांचं. कमांडर हा मॅजिकचा प्रकार खेळताना प्रत्येकाचा डेक १०० कार्डांचा, कार्डं टॅप करून (वापरल्याची खूण म्हणून) आडवी होतात, लॅंडची कार्डं कुणी पुढे मांडतं कुणी मागे. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांचं मॅजिक आलं तेव्हापासून प्रत्येकाची मांडणी आपापली. त्यांना कोरी मॅट.

१६ मार्च, शनिवार

सीताबर्डीत चहाचे मग आणि टी-शर्ट यांच्या छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात कोऱ्या शीट पाहिल्या. वर पांढरं पॉलिएस्टर, खाली काळं फोमचं रबर. दुकानदार सगळ्यालाच निओप्रीन म्हणतो; बऱ्याचशा शीट नैसर्गिक रबराच्या किंवा एसबीआर नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. आपल्या कामाला दोन्ही चालतात. नव्या रबराचा वास काही दिवस उघड्यावर ठेवल्यावर जातो.

२, ३ आणि ५ मिमीचे तुकडे मागून घेतले. स्लीव्हवाली कार्डं खिशातच होती, तिथेच काउंटरवर पाहिलं. ५ मिमीवर कार्ड उचलायला मजा येते, पण ६० कार्डांची चळत ठेवून बाजूला हात टेकवला की चळत कलते आणि वरची कार्डं सरकतात. २ मिमी छान गुंडाळली जाते, पण आपल्या घडीच्या टेबलांच्या मधली सांध वर जाणवते. ३ मिमी घेतली.

विणीचंही पाहिलं. एका शीटचं कापड थोडं जाड विणीचं, हाताला छान लागतं; पण कार्ड सरकवलं तर अडखळतं. बारीक विणीवर कार्ड सरकतं आणि हात काढला की जागेवर थांबतं. दुकानदार शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, आजवर लोकायनं रंग पाहून शीट नेली, असं सरकवून कोनी पाह्यलं नाही."

२३ मार्च, शनिवार

चित्र. कंपनीची पात्रं छापायची नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. ते हक्क आपले नाहीत. पोरांनी आपली चित्रं काढून आणली. त्यात वाघ भरपूर, एक मेट्रो, आणि सहावीतल्या एका मुलीने काढलेले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. चाकं लावलेले, गळ्यात माळा, शिंगांना बेगड. तेच घेतले. तान्हा पोळा नागपुरात भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला, आणि तो सण पोरांचाच. मिरवणूक खालच्या कडेने जाते, मधला भाग मोकळा.

मधला भाग मोकळा ठेवायचा हे मी आजीकडच्या सोंगट्यांच्या कापडी पटावरून घेतलं. त्यावर घरं स्वच्छ होती, वेलबुट्टी सगळी घरांच्या बाहेर, आणि खेळ संपला की तोही गुंडाळूनच ठेवायचा. विकतच्या कित्येक मॅटवर मधोमध डोळे दिपवणारं चित्र असतं आणि त्यावर मांडलेली कार्डं शोधावी लागतात. मधला रंग मी मातकट हिरवा ठेवलाय, ना फार गडद ना फार फिका. काळी स्लीव्ह आणि पांढरी स्लीव्ह दोन्ही त्यावर उठून दिसतात. सपाट काळा रंग मोठ्या जागेत टाळला, त्यावर आपल्याकडची धूळ लगेच दिसते.

फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ७२०० बाय ४२०० पिक्सेल, शिवाय चारही बाजूंनी ५ मिमी जास्तीचं चित्र, कापताना पांढरी कड निघू नये म्हणून. बैल पांढरे आहेत तिथे काहीच छापलं जाणार नाही. या छपाईत पांढरी शाई नसते, कापडाचा पांढरा तोच बैलाचा पांढरा.

४ एप्रिल, गुरुवार

इतवारी, गांधीबाग फिरून आले. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने कापडात रंग उतरवणारी छपाई, करणारे पुष्कळ, पण आत्ता कुणाला वेळ नाही. १९ तारखेला नागपूरचं मतदान, सगळ्या मशीन उपरणी आणि झेंड्यांना जुंपलेल्या. "एकोणीसनंतर या ताई, निवांत करू."

तोवर प्रेसचा, म्हणजे गरम दाब देणाऱ्या मशीनचा, प्रश्न समजून घेतला. मगवाल्यांकडे असते ती सपाट प्रेस ३८ बाय ३८ सेंमीची, तिच्यावर आपली मॅट अर्धीच मावते. त्याहून मोठी ४० बाय ६० ची. आपली मॅट ६१ सेंमी, वर कापण्यासाठी जास्तीचं चित्र. एका सेंटिमीटरने घात. दोनदा दाबून भागेल का, असं विचारलं तर जर्सीवाल्या भाऊंनी जोड असलेला एक कापडी तुकडाच दाखवला. जिथे दोनदा उष्णता लागते तिथे शाई पुन्हा वायू होऊन पसरते आणि मधोमध धूसर पट्टा उमटतो. यू-गी-ओहच्या घरांवरून असा पट्टा गेला तर घरच दिसणार नाही. भाऊंकडे मोठी प्लेट आहे, जर्सीची अख्खी पुढची बाजू एका दाबात होते. त्यांच्याकडेच करायचं.

२७ एप्रिल, शनिवार

पहिली मॅट छापली.

आधी कागदावर उलटं चित्र निघतं, आणि ते इतकं निस्तेज दिसतं की सोबत आलेल्या सहावीतल्या चित्रकार बाईंचा चेहराच उतरला. झूल विटकी, हिरवा रंग शेवाळलेल्या टाकीसारखा. भाऊ म्हणाले, "थांब ना पोरी, रंग अजून झोपलाय."

प्रेस २०० अंशांवर. खाली बटर पेपर, त्यावर शीट, कापडाची बाजू वर. आधी कोरीच शीट चार-पाच सेकंद दाबून घेतली, आतला ओलावा जावा म्हणून. मग कागद पालथा ठेवून चारही कोपऱ्यांना उष्णता सोसणारी टेप, वर पुन्हा बटर पेपर आणि टेफ्लॉन. दाब देऊन पन्नास सेकंद. एवढ्या उष्णतेत कोरडी शाई वितळत नाही, थेट वायू होते आणि गरम झालेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यांत शिरते. थंड झाल्यावर ती धाग्याच्या आतच अडकते. म्हणून या छपाईला थर नसतो, बोट फिरवलं तर रंग लागत नाही आणि कार्ड अडखळत नाही. वर रंगाचा थर बसवणारी छपाई इथे कधीच चालली नसती. सुती कापडावरही हे होत नाही, शाई धरून ठेवायला पॉलिएस्टरच लागतं.

प्लेट उचलली, टेप काढली, कागद एका झटक्यात सरळ वर. सावकाश सोलला तर हलतो आणि गरम शाई शेजारी दुसरी सावली पाडते. खाली बैल. लाल झूल लाल, माळा पिवळ्या, शिंगांवरची बेगड चमकते आहे असं वाटावं इतकी. पोरीने हात लावायला पुढे केला, भाऊंनी धरला. रबर अजून पोळत होतं.

जास्त वेळ दाबलं तर काय होतं तेही एका तुकड्यावर पाहिलं. रबर चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. रंग थोडा गडद मिळेल, पण कार्ड उचलण्याचा सारा गुण गेला. पन्नास सेकंदच ठेवायचे.

५ मे, रविवार

दुसऱ्या खेपेच्या दोन मॅटवर निळसर ठिपके आलेत. मातकट हिरव्यात ते लगेच डोळ्यांत भरतात.

कारण हवेत आहे. मेमध्ये नागपुरात दुकान म्हटलं की डेझर्ट कूलर आलाच, दिवसभर ओल्या ताट्यांतून वारा. बाहेरची हवा खडखडीत कोरडी, आत मात्र दमट. कागदाचा गठ्ठा कूलरच्या झोतात होता. कागदाने ओलावा धरला, २०० अंशांखाली त्याची वाफ झाली, आणि वाफेने शाई जिथे जायला नको तिथे ढकलली. भाऊंनी एक कागद हातात धरून दाखवला, कडा वळल्या होत्या. आता कागद पिशवीत बंद, छपाईच्या आधी प्रेसच्या गरम प्लेटजवळ थोडा वेळ, आणि दाब चालू असताना कूलर बंद. त्या खोलीत कूलर बंद म्हणजे काय, ते मेमध्ये इथे राहिलेल्यालाच कळेल. भाऊंनी विनातक्रार केलं. नंतरच्या सगळ्या मॅट स्वच्छ आल्या.

ठिपक्यांच्या दोन्ही मॅट फेकायच्या नाहीत, नवी पोरं शिकायला त्यांच्यावर बसतील. उचलण्याला त्या एक नंबर आहेत.

१८ मे, शनिवार

कडा. नुसती कापलेली मॅट काही महिन्यांत कोपऱ्यापासून सुटते, कापड रबरापासून वेगळं होतं. म्हणून आमच्याच गल्लीतल्या फॉल-पिको-इंटरलॉकवाल्या काकूंकडे गेले. साडीचं काम करणाऱ्या हातांत ३ मिमीचं रबर दिलं.

काकूंनी आधी मॅट वाकवून पाहिली, मग तीन अटी सांगितल्या. मशीनचं पातं रबरावर उतरतं, म्हणून पातं बंद ठेवायचं आणि मॅट आधीच कटरने अचूक कापून आणायची. सुई सोळा नंबर. आणि टोकदार कोपरा नाही, गोल हवा, नाहीतर मशीन वळणार नाही. दहा रुपयांचं नाणं कोपऱ्यावर ठेवून त्याच्याभोवती कापलं, चारही कोपरे सारखे आले.

तरी रबर खालच्या दातांवर चिकटायचं आणि टाके एका जागी गोळा व्हायचे. काकूंनी आपला उपाय काढला: बटर पेपरची पट्टी रबराखाली धरून शिवायचं, नंतर पट्टी टाक्यांतून फाडून काढायची. तीन धाग्यांचा टाका, पॉलिएस्टरचा दोरा, झुलीच्या लालाशी जुळणारा. शिवण झाल्यावर काकूंनी कडेवरून अंगठा फिरवला आणि एका ठिकाणी थांबून दोन इंच उसवून पुन्हा घातली. मला तिथे काहीच दिसलं नव्हतं.

शिवणीने कड थोडी उंच होते. कार्ड तिच्यावर अर्धं आलं तर डुगडुगतं. आपली बाहेरची रेघ कडेपासून थोडी आत आहे, तेवढं पुरतं.

२ जून, रविवार

पोरांच्या हातात मॅट दिल्या. उन्हाळा यंदा फारच होता. परवा शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा आला आणि सगळे हादरले, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. खरा आकडाही कमी नव्हता. एका दादाने मॅट गाडीच्या डिकीत ठेवली होती, चित्र आतल्या बाजूला गुंडाळून. टेबलावर पसरली तर दोन्ही टोकं पन्हाळीसारखी वर. जाड पुस्तकांखाली दोन रात्री ठेवली तेव्हा कुठे बसली. वाचनालयात पुस्तकांची वानवा नाही. आता नियम: चित्र बाहेर ठेवून गुंडाळायची, म्हणजे पसरल्यावर कडा टेबलाकडे झुकतात. आणि गाडीत ठेवायची नाही.

खेळताना मी कार्डांकडे पाहिलंच नाही, बोटांकडे पाहत बसले. पहिल्या डावात पोरं सवयीने कार्ड कडेकडे ओढत होती. दुसऱ्या डावात एकीने दाबून उचललं, शेजारच्याने पाहिलं, आणि थोड्या वेळात टेबलभर तेच सुरू. कुणीही शिकवलं नाही. कूलरच्या वाऱ्याने सनमायकावरची बिनस्लीव्हची कार्डं उडायची, मॅटवर ती बसून राहतात. हा फायदा मी मोजलाच नव्हता.

घरांवरची नावं बारीक देवनागरीत आहेत: डेक, डिस्कार्ड, बेंच, प्राइज. खेळताना तोंडात असतात तीच. पहिलीतला एक भाऊ ताईच्या खांद्यावरून ती वाचत बसला होता, शेवटी त्यालाही खुर्ची द्यावी लागली.

७ जुलै, रविवार

तर्री सांडली. पोहे खाली खायचे हा नियम आहे, तरी सांडली. तेल, हळद, सगळं बेंचवर.

लगेच कोरड्या कापडाने टिपलं, मग थंड पाणी आणि भांड्याच्या साबणाचा फेस बोटांनी, ब्रश नाही. ब्रशने विणीचे तंतू उठतात आणि तिथे कार्ड कायमचं अडतं. तेल गेलं, पिवळा डाग राहिला. हळदीचा रंग उन्हात उडतो हे प्रत्येक घरात माहीत आहे, पण ऊन रबराला मारक. ते कडक होऊन तडकतं. म्हणून पावसाच्या उघडिपीत सकाळचं कोवळं ऊन, रबर खाली झाकलेलं, थोडा थोडा वेळ. डाग आता शोधला तरच दिसतो. मशीनमध्ये धुवायची नाही, पिळायची नाही, इस्त्री तर मुळीच नाही. जुलैत वाळायला वेळ लागतो, सपाट पसरून पंख्याखाली ठेवावी.

२५ ऑगस्ट, रविवार

आठही मॅट खोलीत आल्या. एक काम निघालंय. आठवीतला एक मुलगा डावरा आहे. डेक आणि डिस्कार्ड उजवीकडे असल्याने दर वेळी त्याचा डावा हात सगळ्या बेंचवरून पलीकडे जातो आणि बाहीने कार्डं हलतात. तो काही बोलला नव्हता, मॅट आडवी फिरवून कसाबसा खेळत होता. आज शेजारी बसले तेव्हा लक्षात आलं.

त्याच्यासाठी डेक डावीकडे, प्राइज उजवीकडे. फाइल नुसती उलटवून भागत नाही, अक्षरं उलटी होतील. घरं हलवून नावं पुन्हा लिहिली. बैलांची मिरवणूक आहे तशीच. एक धोका आहे: दुकानात प्रत्येक फाइल छापताना मिरर करतातच, आणि डेक डावीकडे दिसला तर भाऊंना वाटेल ही आधीच उलटवून पाठवली आहे. म्हणून कापल्या जाणाऱ्या कडेत मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "डावऱ्याची मॅट. फाइल सरळ आहे, नेहमीसारखी मिरर करा." शिवाय उद्या फोन करून सांगेनच. अशा दोन शीट घेतल्या आहेत, त्याच्या समोर कधी दुसरा डावरा बसला तर.